पान तेहेतीसवरचा खुनी

आमच्या चाळीत एक लेखिका राहते, असं मी गावी पत्रातून कळवलं तेव्हा धाकट्या भावाने उलट टपाली विचारलं, "म्हणजे ती काम काय करते?" मी उत्तर पाठवलं, काम ती सीप्झमध्ये करते, लेखिका ती चार वाजल्यानंतर असते.

अंधेरी पूर्वेला चकाल्याच्या अलीकडे आमची चाळ. वनमाला परब आमची शेजारीण, मध्ये फक्त एक भिंत. गेल्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, ती एकतीस वर्षांची होती. वडील माझ्याच गिरणीत, माझ्याच खात्यात. संपानंतर ते गावी गेले आणि तिथेच वारले. घरात आई आणि ही, दोघीच. सीप्झमधल्या, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, कंपनीत वनमालाचं काम असं, की डोळ्यापुढे भिंग धरायचं आणि हिरव्या पट्टीवर मुंगीच्या पायाएवढ्या तारा डागायच्या. पट्ट्या खोक्यात भरून परदेशी जातात. एकदा तिने सुपरवायझर अनुपमाबाईंना विचारलं, "बाई, हे शेवटी कशात बसतं हो?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत असतं तर मी इथे असते का?"

मग वनमालाने स्वतःच ठरवलं, ते कशात बसतं. त्यातून कादंबरी झाली.

कादंबरीचं नाव 'निळ्या घराचा पाहुणा'. काळ सन २०३४. वर्सोव्याहून मढला जायला काचेचा पूल झालाय. घरं बोलतात. दार माणसाचा आवाज ओळखून उघडतं. अशा एका घरात एक म्हातारा शास्त्रज्ञ मेलेला सापडतो आणि ते दार फक्त तिघांनाच उघडत असतं. त्यातली एक त्याची भाची इरा, दुसरा बोलकी घरं दुरुस्त करणारा चंद्रप्रकाश. दोघांचं एकमेकांवर प्रेम आणि दोघांना एकमेकांचा संशय. तिसरा कोण ते मी सांगणार नाही. पुस्तक अजून बळवंतकडे आहे, नेऊन वाचा.

बळवंत म्हणजे आमच्या नाक्यावरचा वाचनालयवाला. त्याच्या डावीकडे व्हिडिओ लायब्ररी निघाली, उजवीकडे निघाली, हा मध्ये पुस्तकं घेऊन बसलाय.

कादंबरी छापली गिरगावातल्या एका प्रकाशकांनी. ते वाचनालयांसाठी पुस्तकं काढतात. सहाशे प्रती काढल्या आणि वनमालाला म्हणाले, "बाई, प्रेमकथा म्हणावी तर खून आहे, खून म्हणावा तर विज्ञान आहे. मी ही ठेवू कुठल्या फळीवर? दसऱ्यापर्यंत वाचकांचे चाळीसएक लेखी अभिप्राय आणा, नावासकट. लोकांना हवी असेल तर तुमची दुसरी कादंबरी छापतो. नाहीतर इथेच थांबू."

इकडे अनुपमाबाईंनी तिला दिवाळीपासून दुसऱ्या शिफ्टची सुपरवायझर करायचं ठरवलं होतं. होय की नाही, तेही दसऱ्यापर्यंतच सांगायचं. दुसरी शिफ्ट म्हणजे दुपारी अडीचला जायचं. सकाळी पाणी, स्वयंपाक, आईची औषधं. मग लिहायचं कधी?

"दुसरी नाही छापली तर शिफ्ट घेते, तात्या," ती मला म्हणाली. "मग उगाच वह्या कशाला भरायच्या." ती हे भाजीबद्दल बोलावं तसं बोलली. तीन वर्षं रोज चार वाजता ती गॅलरीतल्या बाकड्यावर बसायची, ते मी पाहत आलो होतो.

तर बळवंतने दोन प्रती घेतल्या आणि टेबलावर वही ठेवली. बळवंत शिस्तीचा. प्रत्येक अभिप्रायापुढे सभासदाचा नंबर टाकणार आणि कुठली प्रत वाचली, एक की दोन, तेही टाकणार, पण अभिप्राय स्वतः वाचणार नाही. पहिल्या आठवड्यातले अभिप्राय मला पाठ आहेत. "कथानक ठीक. परंतु २०३४ साली भांडी कोण घासतं ते दिलेलं नाही." दुसरा, "नायिकेच्या पर्समध्ये बिनतारेचा टेलिफोन. आम्ही बहात्तर साली नंबर लावलाय, अजून आला नाही. लेखिकेने जरा जपून लिहावे." तिसरा, "पान अठ्ठ्याहत्तर घरात मोठ्याने वाचता येत नाही." बाकी सगळे 'बरी आहे', 'वेळ गेला', 'चालेल'. तो आठवडाभर वनमाला रोज येऊन वाचायची, वही मिटायची आणि निघून जायची, मग तिने येणंच सोडलं.

आता माझी गोष्ट. आमची शाळा रवळनाथाच्या देवळात भरायची. आमच्या गुरुजींचा नियम होता, गणित ज्याला आधी सुटेल त्याने पाटी पालथी घालायची. एकदा पालथी घातली की उत्तर बदलायचं नाही. एकदा मी घाईने पालथी घातली आणि उत्तर आलं, नारळ साडेतीन माणसांना वाटले. सबंध वर्ष पोरं मला साडेतीन म्हणायची. तरी सवय गेली नाही. रहस्यकथा हातात आली की मी आणि बळवंत, दोघं पान तेहेतीसपर्यंत वाचतो आणि त्याच पानावर समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहितो. शेवटी ज्याचं चुकतं त्याने चहा पाजायचा. मग दोघांनी आपापलं खोडायचं.

तो पहिला आठवडा संपल्यावर बळवंतने एक नंबरची प्रत घेतली, मी दोन नंबरची. मी समासात लिहिलं, 'खुनी: चंद्रप्रकाश'. खाली दोन रेघा मारल्या.

आणि पुस्तक संपलं तेव्हा माझं चुकलं होतं. पण असा आनंद झाला म्हणून सांगू. आपल्या शेजारच्या पोरीने मला चकवलं. चष्मा तसाच कपाळावर, मी धावत शेजारी गेलो आणि अर्धा तास वनमालाच्या आईला गोष्ट सांगत बसलो. तेवढ्यात आमच्या दारात वर्सोव्याची सखुबाई मासळी घेऊन आली. तिची मुलगी राधा तिला रोज पुस्तक वाचून दाखवते आणि पुढचा नंबर त्यांचा होता. माझ्या बायकोने, मथुरेने, पुस्तक उचलून तिला देऊन टाकलं. खोडायचं राहिलं आणि मीही विसरलो.

महिन्याभराने बळवंत तणतणत घरी आला. पुस्तक माझ्यापुढे आपटलं.

"हे अक्षर कोणाचं, तात्या?"

मी बघितलं. दोन रेघासुद्धा माझ्याच.

"अकरा जणांनी वाचून झालंय हे," तो म्हणाला. "रहस्यकथेत सुरुवातीलाच खुनी लिहून ठेवलाय म्हटल्यावर कोण काय वाचणार? वाट लागली पोरीची."

"पण तो खुनी नाहीच आहे."

"ते वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कुठे माहीत असतं?"

मथुरा आतून म्हणाली, "अवो, ह्या काय करून ठेवलात? त्या पोरीच्या तोंडाकडे आता कसे बघतलात?"

बळवंत येताना खालच्या नळावर हेच मोठ्याने बोलला होता, त्यामुळे कुणीतरी पुस्तकात खुनी लिहून ठेवलाय एवढं वनमालाच्या कानावर आधीच गेलं होतं. कोणी, ते गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, बाकडं रिकामं. मी खोडरबर खिशात घातला, पुस्तक काखेत मारलं आणि तिच्या दारात उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती.

"वनू, ते अक्षर माझं."

तिने सूप खाली ठेवलं. "तुमचं?"

"बळवंतशी पैज होती. खोडायचं राहिलं. तुझं नुकसान केलं मी."

तिने माझ्या काखेतलं पुस्तक घेतलं, पान तेहेतीस बघितलं आणि परत दिलं. मग म्हणाली, "चंद्रप्रकाश का, पण?"

"तीन वेळा चहाला नको म्हणतो तो. पान बारा, पान एकोणीस, पान तीस. चहाला नको म्हणणारा माणूस मला सरळ वाटत नाही."

"अहो, दर वेळी चहा करत बसले तर पानं वाढतात. प्रकाशक ओरडतात." आणि मग ती हसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हसली. हसता हसता थांबली. "म्हणजे तुमच्यानंतर ज्यांनी दोन नंबरची प्रत वाचली, ते सगळे त्याला खुनी समजून वाचत होते. अगदी त्याच्या आणि इराच्या लग्नापर्यंत?"

"लग्नापर्यंत."

ती उठली आणि तशीच चपला घालून निघाली. मी मागे. बळवंतच्या टेबलावरची वही तिने ओढून घेतली आणि प्रतीचे नंबर बघत बोट फिरवायला लागली. एक नंबरवाल्यांचं तेच, 'बरी आहे', 'चालेल'. माझ्यानंतरच्या दोन नंबरवाल्यांनी पानं भरली होती. एका बाईंनी लिहिलं होतं, "तो तिच्यासाठी दार उघडतो तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटलं, जाऊ नकोस." एका कॉलेजच्या मुलाने लिहिलं होतं, "मला आधीच माहीत होतं, तरी तो नसावा असं वाटत राहिलं. दोनदा वाचली." एक चिडलेला अभिप्राय होता, "पान तेहेतीसवर ज्याने लिहिलं त्याचं सभासदत्व रद्द करा. कादंबरी मात्र झकास." आणि राधाच्या अक्षरात सखुबाईचा होता. "पोरगी चुकीच्या माणसावर जीव लावते असं वाटून माझा आठवडा वाईट गेला. मासली विकताना गिऱ्हाईकाला सुटे द्यायला विसरले. शेवटी बरं वाटलं. पण पुलाखाली मासली कुठे सुकवतात ते पुस्तकात लिहिलेलं नाही."

बळवंतचे डोळे चमकले. "मग राहू दे की तसंच. दसऱ्याला अजून दहा दिवस आहेत. आणखी पाच-सहा जण वाचतील. प्रकाशक खूश."

"नको, बळवंतदादा."

"का गं? लोकांना आवडलं ना?"

"आवडलं. पण माझ्यामुळे की तात्यांच्या पेन्सिलीमुळे, ते कसं कळणार? मी ही वही तशीच नेऊन दाखवली तर ती चोरी होईल." ती माझ्याकडे वळली. "तात्या, खोडा."

मी खोडायला लागलो. जोरात मारलेल्या रेघा, जाता जात नव्हत्या.

"हळू, तात्या. पान फाटेल."

त्या उरलेल्या दिवसांत तिने एकाही अभिप्रायाची वाट पाहिली नाही. चार वाजले की बाकड्यावर. दुसऱ्या कादंबरीची तयार असलेली सुरुवात तिने बाजूला ठेवली आणि नव्याने लिहायला घेतली. रविवारी आईने जेवायला तीनदा हाक मारली तेव्हा उठली.

दसऱ्याआधीच्या शनिवारी सोबत म्हणून मी तिच्याबरोबर गिरगावात गेलो. प्रकाशक टेलिफोनवाला अभिप्राय वाचून मोठ्याने हसले. मग बोट ठेवत ठेवत पुढे गेले आणि थबकले. "हे दोन नंबरवाले एवढे पेटलेत कशाने?"

वनमालाने सगळं सांगितलं. पैज, पान तेहेतीस, पेन्सिल. शेवटी माझ्याकडे हात केला. प्रकाशकांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं.

"तुम्ही काय करता?"

"गिरणीत होतो. आता वाचतो."

"बरं." ते परत तिच्याकडे वळले. "मग बाई, लोक ह्यांच्या पेन्सिलीने घाबरले. ह्यात तुमचं काय?"

मला वाटलं, संपलं. ते आम्हाला दार दाखवणार, आणि मी जिन्यावर तिच्याशी काय बोलू याची जुळवाजुळव करायला लागलो. वनमालाने मात्र पिशवीतून वीस पानं काढून त्यांच्यापुढे ठेवली. "माझं हे. पेन्सिलीने काय केलं ते मला समजलं. इथे ते मी केलंय."

पहिल्याच पानावर लग्नाच्या आदल्या दिवशी एका मुलीला निनावी पत्र येतं. तुझा होणारा नवरा खुनी आहे. आणि तरी ती लग्न करते.

प्रकाशक वाचत राहिले. चहा आला, त्यांचा गार झाला. विसावं पान संपलं तेव्हा त्यांनी ते उलटून पाहिलं, मागे काही आहे का.

"हा नवरा खुनी आहे का?"

"पान एकशे नव्वदवर कळेल."

"मला आत्ता सांगा ना."

"नाही सांगणार."

त्यांनी पानं एकावर एक नीट लावली. मग वही मिटून तिच्या हातात दिली. "चारशे छापतो. पहिलीच्या सहाशे होत्या, पण आता चारशेच. त्या वाचनालयांनी उचलल्या तर पुढचं बघू. गुढीपाडव्यापर्यंत सगळी द्या."

आम्ही रस्त्यावर आलो. मी म्हटलं, "वनू, मला तरी सांग. नवरा खुनी आहे का?"

"तात्या, पान एकशे नव्वद अजून लिहिलेलंच नाही. मलाच माहीत नाही."

"आणि एवढ्या रुबाबात सांगितलंस त्यांना?"

"मग काय सांगणार होते?" ती म्हणाली. "सोमवारी आधी अनुपमाबाईंना सांगते, दुसरी शिफ्ट नको. मग बसून ठरवते." आणि ती इतक्या भरभर चालायला लागली, की मला धोतर सावरत मागून पळावं लागलं.