मामाचा स्टॉक

आणि परत तेच सांगतो मामा, तू चुकलास. मेलास म्हणून मी शब्द मागे घेणार नाय.

माल साठवून कारखाना चालत नाय. नाय म्हणजे नाय.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी : शेणव्याचा किसनमामा, माझ्या आईचा सख्खा भाऊ, काल सकाळी गेला. मुरबाडला कुलपांच्या कारखान्यात तो स्टोअर सांभाळायचा. नववी नापास झालो तेव्हा मला तिथं त्यानेच चिकटवलं.

स्टोअर कसलं, आगोटची बेगमी! पावसाळ्याआधी घरात सुकी मच्छी, कांदे, लाकडं भरतात ना, तसा हा माणूस स्प्रिंगा भरायचा.

"पूल बुडाला, गाडी नाय आली, तर काय करशील रे बाळ्या?"

पूल बुडायचा दोन दिवस. स्प्रिंगा गंजायच्या वर्षभर.

अर्धी शिफ्ट माल शोधण्यात. जिथं बघावं तिथं अर्धवट कुलपांचे ढीग. भोक चुकीचं पडलंय हे कळायचं अख्खा ढीग पाडून झाल्यावर.

मग नवे साहेब आले. मशीनं एकाला एक लावली. पेटी रिकामी झाली की मागे जायची, तेवढीच भरून यायची. चूक झाली की पुढचाच माणूस बोंबलायचा. माणसं तेवढीच, कुलपं जास्त. आणि पाय दुखायचे थांबले, ते वेगळंच.

जे लागत नाय त्याला लाल चिठ्ठी, लावायचं काम माझ्याकडे. आठवड्यात बाहेर.

आणि तू काय केलंस?

दसऱ्याला पूजेचा चौरंग हलवला, तर देवाच्या कापडाखाली स्प्रिंगांची खोकी! देवाला कोण चिठ्ठी लावणार, म्हणून.

सगळ्या गंजलेल्या. त्या मॉडेलचं कुलूपच बंद झालेलं.

साहेब म्हणाले, "किसनराव, देवाला शिळा नैवेद्य?"

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं.

तू माझ्या हातातली चिठ्ठी ओढलीस आणि स्वतःच्या खिशाला लावलीस.
"घे. आता टाक बाहेर."

टाकलंच तुला. स्टोअरच उरलं नाय, तर स्टोअरवाला कशाला पोसायचा? साहेबांचं बरोबर होतं. आज इथं लांब उत्तरेत, मानेसरच्या कारखान्यात मी लाइन चालवतो, ती तिथं शिकलो त्याच्यावर. तुझ्यावर नाय.

काल मामीचा फोन. मागे पाऊस एवढा, की तिचं रडणं पण ऐकू येईना.

मी पयलं विचारलं, "लाकडं?" आषाढात सुकी लाकडं कोण देणार?

"त्यांनीच रचून ठेवलीत रे. वैशाखात. गोठ्यात, वर ताडपत्री. म्हणायचे, पावसात गेलो तर गाववाल्यांचे हाल नकोत."

स्वतःची लाकडं स्टॉकला!
असला माणूस.

पोरं सांगतात, एका काडीत पेटली.

आयुष्यात एकदा तुझा माल टाइमावर कामाला आला मामा, आणि बघायला तूच नाय.

जा आता. तिकडे तुला कुणी चिठ्ठी लावणार नाय.

मामी, दिवसकार्याला तीन हजार लागतील म्हणालीस.
पाच पाठवतोय. वरचे राहू दे घरात.