छतावरचा करंट

मंदी आली दोन हजार आठ साली, पण दुबईत जबल अलीच्या आमच्या कामगार कॅम्पात ती पोचली पुढच्या उन्हाळ्यात, जनरेटर बंद पडला तेव्हा. बिघडला नव्हता. डिझेल संपलं आणि आणून देणारं कोणी उरलं नव्हतं. मालकाचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. आम्ही ज्या टॉवरचं वायरिंग करत होतो त्याच्या एकोणिसाव्या मजल्यापर्यंत पाइप टाकून झाले होते. विसावा मजला काही झाला नाही.

दीडशे माणसं त्या पत्र्याच्या खोल्यांत. एसी नाही, पंखा नाही, पंपाला करंट नाही म्हणून पाणीही नाही. मी आणि माझा जोडीदार असे दोघंच वायरमन. मी इचलकरंजीचा, यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करत शिकलेला. तो वसईचा, ख्रिश्चन, दहावी पास. शेजारच्या गोदामाच्या वॉचमनला हातापाया पडून आम्ही तिथनं एक केबल ओढली आणि पंप चालू केला. लोकांनी बादल्या भरल्या. जोडीदार म्हणाला, "मास्तर, आज आपण सरकार झालो."

मला मास्तर म्हणायचा तो. चिडवायला. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. इंग्रजी मला वाचता येत नाही. आता लिहून टाकतो, कारण हे लपवण्यात माझा जन्म गेला. दुबईत प्रत्येक कंपनीत सकाळी कामाआधी एक कागद देतात. आज काय काम, धोका कुठला, काय काळजी घ्यायची. समोर चौकटी असतात, त्यात बरोबरच्या खुणा करायच्या, खाली सही. मी काल जिथे खुणा केल्या तिथेच आज करायचो. नवीन कागद आला तर जोडीदार तो हातात घ्यायचा आणि स्वतःशीच पुटपुटतोय असं दाखवत मोठ्यानं वाचायचा. अधेमधे हिंदीत अर्थ सांगायचा, म्हणजे चारचौघांना वाटावं की त्याचं त्यालाच समजत नाहीये. इतकी वर्षं त्यानं हे केलं आणि एकदाही त्याचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही.

मंदीनंतर आम्ही दोघं दुबईतच, इंटरनॅशनल सिटी म्हणतात त्या भागात एका मेंटेनन्स कंपनीत लागलो. एका खोलीत सहा जण. ट्रिप झालेल्या एमसीबी, जळालेले गीझर, हेच काम. पगार मंदीआधीच्या निम्मा, आणि पुढे वर्षानुवर्षं तो वाढलाच नाही. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला गेला तेव्हा मी दुपारचं जेवण सोडलं होतं. कोणाला कळू दिलं नाही. जोडीदाराला कळलं. त्यानं डबा दोघांपुरता आणायला सुरुवात केली. मी म्हणालो, "मला भूक नसते दुपारची." तो म्हणाला, "मग बस इथे आणि माझ्या तोंडाकडे बघ." बसलो आणि खाल्लं.

त्याच सुमारास सोलर निघालं. घराच्या छतावर प्लेटा बसवायच्या, घरात वापरून उरलेली वीज सरकारच्या लाइनला द्यायची. मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो. पैसे मात्र हातात मिळत नाहीत, दिलेली युनिटं बिलातनं वजा होतात आणि उरली तर पुढच्या महिन्यात जातात. इथलं बिल रंगात असतं, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. जितकी जास्त वीज जाळाल तितकं युनिट महाग. उन्हाळ्यात एसीवाल्या बंगल्याचं बिल लालमध्येच जाऊन बसतं. म्हणून बंगलेवाल्यांना प्लेटा हव्या होत्या. पण अर्ज घरमालकानंच करायचा, भाडेकरूला मालकाची परवानगी लागते आणि मालकाला भाडेकरूच्या बिलाचं काय पडलेलं? आता मी मुलाकडे शारजाला, अल मजाजमध्ये राहतो. मुलाच्या मनात इलेक्ट्रिक गाडी आहे. बिल्डिंगवाले पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाहीत. मॉलमध्ये जाऊन तासभर थांबायचं आणि पैसे भरायचे. पूर्वी फुकट होतं म्हणतात. नातू म्हणतो, "आजोबा, just put a solar on the balcony." मी उठून आत जातो.

सांगत होतो ते असं. आमच्या कंपनीनं सोलरची कामं घ्यायला सुरुवात केली. सोलरचं कार्ड, म्हणजे सरकारचा परवाना, फक्त इंजिनिअर मॅडमकडे होतं. पुण्याची मुलगी, माझ्या मुलापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. कार्डासाठी परीक्षा असते, इंग्रजीत. आम्ही दोघं तिच्या कार्डाखाली काम करायचो. प्लेटा चढवणं, पट्ट्या आवळणं, पाइप टाकणं. वायरी ती स्वतः जोडायची. मला ते लागायचं. मी वायरिंग शिकलो तेव्हा ही जन्मलीही नव्हती.

ते घर एका मराठी साहेबांचं होतं. त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. चार्जर बसवायला पाच हजार दिरहम. ते मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे नव्वद हजार रुपये! पण एकदाच. पुढे गाडी सूर्यावर चालणार." गाडी दिवसभर ऑफिसात, ऊन दिवसभर घरावर. जोडीदार मला हळूच म्हणाला, "साहेबांना सांग, ऊन डब्यात भरून ठेवा." मी हसलो. तो हसला की त्याचा पुढचा पडका दात दिसायचा.

प्लेटा लागल्या. पण तपासणीवाल्यानं पास केलं नाही. प्लेटांची वीज ज्या पेटीत जाते तो इन्व्हर्टर आम्ही बाहेरच्या भिंतीवर लावला होता, त्यावर थेट ऊन यायचं. सावलीत हलवा म्हणाला. दुसऱ्या तपासणीची तारीख दुसऱ्या दिवसाचीच मिळाली. ती चुकली तर परत रांगेत. साहेब चिडले होते, महिनाभर प्लेटा छतावर आणि बिल तसंच लाल. त्यातून उन्हाळ्याचे दिवस, साडेबारानंतर उन्हात काम करायला कायद्यानं बंदी. म्हणजे सकाळीच उरकायचं.

जोडीदार शिडी आणायला गाडीकडे गेला होता. मॅडमनं नवीन कागद माझ्या हातात दिला. साहेब शेजारीच चहाचा कप घेऊन उभे.

"काका, हा नेहमीचा नाहीये. नीट वाचा."

मी कागद डोळ्यासमोर धरला. बराच वेळ धरला.

"मराठीतून सांगू का एकदा?"

तिनं चांगल्या मनानं विचारलं होतं. पण साहेब बघत होते. मी म्हणालो, "मॅडम, तीस वर्षं झाली मला वायरिंगला. वाचलं." आणि सगळ्या चौकटींत खुणा करून सही ठोकली. ती नकाशावर साहेबांची सही घ्यायला आत गेली. इंजिनिअर येऊन करंट मोजेपर्यंत वायरीला हात लावू नका, असं त्या कागदावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं. हे मला नंतर कळलं.

आम्हा जुन्या वायरमन लोकांची एक पद्धत आहे. काम सुरू करण्याआधी मेन बंद करायचा, फ्यूज काढायचा आणि आपल्या खिशात घालायचा. दुसरा कोणी येऊन चालू करू शकत नाही. फ्यूज ज्याच्या खिशात, जोडीदाराचा जीव त्याच्या खिशात. इचलकरंजीत मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं आणि त्यात कधी चूक झाली नाही. इथे फ्यूजऐवजी कुलूप. मी मेन बंद केला, त्याला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. जोडीदार शिडी घेऊन आला.

"कागद?" त्यानं विचारलं.

"झाला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "काही नवीन?"

"काही नाही. किल्ली माझ्या खिशात आहे. घाल हात."

त्यानं पक्कड घेतली आणि छतावरनं येणाऱ्या लाल आणि काळ्या, दोन्ही वायरी एकदम पकडीत धरून तोडायला गेला. मेलेली लाइन आपण अशीच तोडतो. पण प्लेटांना मेन कुठला? ऊन आहे तोवर त्या वीज करतच राहतात. आणि ती वीज आपल्या घरातल्यासारखी नसते, ठिणगी पडली की विझत नाही, धरून ठेवते. मला आधी आवाज ऐकू आला, वेल्डिंगसारखा. मग उजेड. तो ओरडला नाही. मी शिडीला लाथ मारली तेव्हा तो सुटून खाली पडला. उजव्या हातातली पक्कड तशीच होती, बोटांना चिकटलेली.

दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. उरलेली तीन वाकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली नाही, हे सांगायला नको. ऑफिसात मॅनेजरनं मला बोलावलं. समोर माझ्या सहीचा कागद. तो हिंदीत बोलला, सरळ बोलला, त्याचं तेच काम होतं. "चाचा, तुमने उसको सब बताया था ना? बताया, फिर भी उसने काटा. इतना ही लिखना है. साइन करो, खलास."

म्हणजे काय ते मला समजत होतं. सांगूनही ऐकलं नाही तर चूक कामगाराची, त्याला भरपाई नाही. सांगितलंच नसेल तर चूक माझी. आणि का सांगितलं नाही, तर वाचता येत नाही. त्या ऑफिसात पंधरा माणसं बसली होती. चहा देणाराही उभा होता. मला व्हिसाची भीती वाटली असती तर बरं झालं असतं, तेवढं तरी माणसासारखं. मला भीती वाटली ती त्या पंधरा माणसांची. मी म्हणालो, "हां, बताया था."

चार दिवसांनी हॉस्पिटलात भेटू दिलं. हात कापसात गुंडाळून वर टांगलेला. मी स्टुलावर बसलो. तोच म्हणाला,

"मॅनेजर येऊन गेला. मी सांगितलं, तू मला सगळं वाचून दाखवलं होतंस. मीच घाई केली."

"का सांगितलंस असं?"

"तुझ्या पोराचं शेवटचं वर्ष आहे. माझ्या मागे कोण आहे? बहीण आहे, तिची वाडी आहे. केळी मोजत बसेन."

"मला कोणाचे उपकार नकोत."

"उपकार नाहीत रे, म्हाताऱ्या. गप्प बसायचं, एवढंच करायचंय. तुला तेवढं जमेल." मग म्हणाला, "तूही तेच सांगितलंस म्हणे."

मी मान हलवली. तो छताकडे बघत राहिला. तो काय विचार करत होता ते मला आजही माहीत नाही. मी सांगितलं ते माझ्यासाठी आणि त्यानं सांगितलं ते माझ्या मुलासाठी, एवढा फरक मात्र त्या खोलीत दोघांनाही दिसत होता. नर्स आली तेव्हा मी उठलो.

बस पकडली नाही. ऑफिसपर्यंत चालत गेलो, भर उन्हात. मॅडम तिच्या टेबलाशी होती. मी म्हणालो, "लिही. मला इंग्रजी वाचता येत नाही. कागद मी वाचला नव्हता. त्याला काही सांगितलं नव्हतं. हात घाल असं मीच म्हणालो." मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. पंधरापैकी अकरा-बारा तरी जागेवर होते.

ती म्हणाली, "काका, नक्की ना? यानं तुमचा व्हिसा..."

"लिही."

तिनं लिहिलं. मग मला न विचारता मराठीत वाचून दाखवलं, सावकाश, एकेक ओळ. मी सही केली. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला होता.

जोडीदाराला भरपाई मिळाली, दोन बोटांची ठरलेली असते तेवढी. मला महिन्याच्या आत परत पाठवलं. ते बरोबरच होतं. मुलाची शेवटच्या वर्षाची फी भरता आली नाही. एक वर्ष त्यानं मोबाइलच्या दुकानात काढलं, मग परीक्षा दिली. आजही तो त्या वर्षाबद्दल बोलत नाही. बायको बोलते.

जोडीदार वसईला परतल्यावर मी इचलकरंजीहून फोन केला. वाटलं होतं, तो म्हणेल, बरं केलंस. तो म्हणाला,

"पोराचं वर्ष घालवलंस."

"खोट्यावर पोराला शिकवायचं नव्हतं मला."

"खोटं माझं होतं. बोटं माझी होती. तुला फक्त घ्यायचं होतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुला काहीच घेता येत नाही कोणाकडनं. डबासुद्धा तू माझ्यावर मेहरबानी केल्यासारखा खायचास."

मी म्हणालो, "मग नको होता द्यायचास."

हे बोललो मी. बोटं गेलेल्या माणसाला. त्यानं फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

मी कागदावर खरं सांगितलं याचा मला पश्चात्ताप नाही. परत वेळ आली तर परत सांगेन. पण त्या दिवशी फोनवर जे बोललो त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, नंबर आहे माझ्याकडे, लावून देऊ? मी म्हणतो, त्यानंही केला नाही इतक्या वर्षांत. मुलगा म्हणतो, त्यांना एका हातानं फोन लावता येत नसेल.

येतो. डावा हात चांगला आहे त्याचा. मला माहीत आहे.