मठातली धरलेली जागा

जुनी इमारत दुरुस्तीला काढली की भिंतींतून उंदीर कमी आणि किस्से जास्त निघतात! आमच्या परदेशातल्या मराठी मंडळाने शॉमबर्ग गावापासून दीड तासावरचा, बंद पडलेला बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ कार्यक्रमांच्या हॉलसाठी घेतला, तेव्हापासून मी दर वीकेंडला नवा धक्का खातोय.

*

पहिल्याच शनिवारी मंडळाच्या सुलभाकाकूंनी प्रार्थनाघरातले काळे पडलेले पितळी मेणबत्ती-स्टँड चिंच-मीठ लावून लख्ख घासले. जुन्या वस्तू जपायला नेमलेली रिस्टोरेशनवाली बाई किंचाळली, "शंभर वर्षांचा रंग होता तो!"

काकूंना तिच्याहून मोठा धक्का. "शंभर वर्षं? आणि कुणी घासले नाहीत?"

*

इथले शेवटचे साधू, ब्रदर अँसेल्म, नव्वदीचे. मठ बंद झाल्यावर वृद्धाश्रमात गेले, पण रविवारी येतातच. ते म्हणाले, इथे जेवताना कुणी बोलत नसे. आम्ही पन्नास जणांनी यावर तासभर चर्चा केली! मग एकदा प्रयोग केला. दोन मिनिटं टिकलो. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी ओरडलं, "अहो, पाव इकडे!"

*

पहिल्या नाटकाला ब्रदर लवकर आले आणि दारातच थबकले. पुढच्या सगळ्या बाकांवर रुमाल, ओढण्या, एक थर्मास. माणूस एकही नाही!

"ही तुमची प्रार्थना का?"

"छे हो," काकू म्हणाल्या. "रुमाल टाकला की जागा धरली. माणूस उशिरा येईना का, दुसरं कुणी बसत नाही."

"कुणीच नाही?"

"बसून तर दाखवावं!"

*

मग पार्किंगचं निघालं. पार्किंग दाखवल्याशिवाय हॉलचं परमिट नाही. सेक्रेटरी अनिलने मागची मोकळी पट्टी धरली, साधूंच्या थडग्यांना लागून. मापाचे झेंडे रोवले गेले.

ब्रदर पांढरेफटक पडले. "शेवटच्या ओळीत माझी जागा आहे. आलो त्या वर्षीच दाखवली होती मला."

कागद? कुठेच नाही! "दुसरी जागाच नाही यार," अनिल मला हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं.

पुढच्या शनिवारी टेप घेऊन आम्ही मागे गेलो. शेवटच्या थडग्याशेजारी, गवतावर, घडी घातलेला पांढरा रुमाल. उडू नये म्हणून वर दगड.

"काकू, हे काय आता?" अनिल ओरडला.

काकू वाकल्या, नीट पाहिलं. "माझा नाही रे."

कुणी काही बोलेना. तिसरं मिनिटही गेलं. मग अनिलने खाली वाकून एकेक झेंडा उपटायला घेतला.