हवेचा दोष

माझे सासरे जन्मभर बोटीवर होते. निवृत्त होऊन रत्नागिरीत आले आणि गच्चीवरच्या खुर्चीत बसून रोज सकाळी किल्ल्यावरच्या दीपस्तंभाची हजेरी घेऊ लागले. गेल्या हिवाळ्यात तो त्यांना दिसेनासा झाला. मी म्हटलं, डोळे दाखवून घेऊ. त्यांनी सगळा दोष हवेला दिला.

त्यात त्यांचं चुकत होतं असंही नाही. थंडीत वारा पडतो, आंब्याच्या कलमांखालचा पाला जाळल्याचा धूर वर न जाता खालीच साचून राहतो आणि ऊन पिवळट, मवाळ पडतं. मलाही दीपस्तंभ पुसटच दिसायचा. मार्चमध्ये पुन्हा विषय काढला, तर समुद्रापलीकडच्या वाळवंटातली धूळ आली म्हणाले. स्कूटरच्या सीटवरून बोट फिरवून दाखवलं. बोटाला पिठासारखी बारीक धूळ लागली होती. मग पेरणीआधी शेतं भाजतात, त्या भाजावळीचा धूर आला. पावसाळ्यात तर समोरचा माड दिसेना, तिथे दीपस्तंभाची काय कथा. वर्षभर हवेनं त्यांची बाजू घेतली आणि डोळ्यांचा विषय तिथेच राहिला. खरं सांगायचं तर मला राग यायचा. माणूस ताटातल्या माशाचा काटा चाचपून काढतो, जिन्याची शेवटची पायरी चुकतो आणि वर मलाच हवामान शिकवतो!

ऑक्टोबरात पाऊस गेला. हवा धुऊन निघाली होती. मी गच्चीवर धुणं वाळत घालत होते. दीपस्तंभ अगदी रेखीव दिसत होता, पण मी मुद्दामच काही बोलले नाही. सासऱ्यांनी खुर्ची सावलीत ओढली, हाताची कातडी चोळली. थोड्या वेळानं तोच हात पुन्हा उन्हात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"अगो, ऊन चटकतंय," ते म्हणाले. "एवढं लागतंय म्हंजे हवेत धूळ नाय, धूर नाय."

मी हो म्हटलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. भीतीच वाटली.

त्यांनी किल्ल्याच्या दिशेला पाहिलं. "मग मला दिसत का नाय?"

ओली चादर बादलीत तशीच टाकून मी रिक्षा आणायला खाली उतरले. परत येऊन बघते तर ते शर्ट बदलून, चपला घालून, जिन्याचा कठडा धरून उभे होते.