कोपीतला सहावा पांडव

आधी चहा ओता, मग सांगतो. आणि एक अट आहे, हे आमच्या हिच्यासमोर पुन्हा काढायचं नाही. म्हणजे तिला माहीत नाही असं नव्हे, तिला जरा जास्तच माहीत आहे!

तर मंडळी, मी नांदेडचा. आजोबांपासून घरात मास्तरकी, शेतीशी संबंध भाजी आणण्यापुरता. सासुरवाडी मात्र मुरुडची. सासऱ्यांचं भुसार दुकान, आणि गावाबाहेर कुठंतरी रान. कुठंतरी म्हणतो, कारण मी ते कधी बघितलंच नव्हतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिकडं लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठा सण म्हणजे वेळ अमावस्या. येळवस म्हणतात. ऐन थंडीत सगळा गाव घराला कुलूप लावून आपापल्या रानात जातो, पूजा करतो, आणि दिसेल त्या माणसाला धरून जेवायला बसवतो. लग्न झाल्यापासून मला दर वर्षी बोलावणं, आणि दर वर्षी माझं काहीतरी निघायचं. कधी परीक्षा, कधी सर्दी. शेवटी एका येळवशीला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः फोन केला.

"जावाईबापू, तुमचं ताट दरसाली वाढतो अन् दरसाली झाकून ठिवतो. औंदा या. न्हाई आलात तर म्या काय पुन्हा बोलावनार न्हाई बगा."

आता यावर शहाणा माणूस काय करेल? जाईल! मी काय केलं? पक्षी बघायला गेलो.

हसू नका हो. माझीही बाजू ऐका. चक्रवाक माहीत आहे ना? सोनेरी बदक, थंडीत येतं आपल्याकडं. जुने लोक सांगत, रात्री नर एका काठाला आणि मादी दुसऱ्या काठाला, रात्रभर नुसत्या हाका. पहाट झाली की पाण्यावर दोघं भेटतात. मला ते भेटणं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. लहानपणापासून बघायचं होतं! आणि नांदेडच्या शफीकभाईंनी नेमकी त्याच वेळी सहल काढली. माळ, डोंगर आणि शेवटच्या पहाटे तळं. ती पहाट अमावस्येची निघाली, यात माझा काय दोष?

हिनं बॅग भरता भरता एवढंच म्हटलं, "पाखरं पुढच्या साली बी येतील. आप्पांचं बोलावणं येईल का?" आणि एकटी वडिलांकडं मुरुडला गेली. दार आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सहल मात्र काय वर्णावी! पहिल्या दिवशी उघडा माळ. नुसतं वाळलेलं गवत आणि आभाळ. शफीकभाई म्हणाले, "राजस्थानला कायकू जायाचं? हे बगा आपलं वाळवंट." एक चंडोल गात गात सरळ वर गेला, ठिपका झाला, दिसेनासा झाला, तरी गाणं खाली येतच होतं. मी इतका हरवलो की जेवणाचा डबा हातात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी बालाघाटच्या डोंगरात वर बघत चाललो आणि घाणेरीच्या झुडपात जाऊन बसलो. काटे निघेपर्यंत एक सुतारपक्षी बघून घेतला.

तळ्याचं ठिकाण मात्र शफीकभाई कुणाला सांगत नाहीत. शिकारी लोकांच्या कानावर जाऊ नये म्हणून. किर्र अंधारात जीपमध्ये बसवलं, मी लगेच झोपलो, आणि उठलो तो एका बांधावर. थंडी अशी की दात आपले आपणच वाजत होते.

"प्रत्येकाला कडब्याचं लपण केलंय," शफीकभाई कुजबुजले. "सर, तुमचं त्या बोरीशेजारी. बॅटरी लावायची नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही. शिंक आली तर गिळून टाका. मी शीळ घालीस्तवर भाईर यायचं नाही."

चाचपडत गेलो. बोर होती. शेजारी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेलं झकास लपण. पुढून उघडं, आत एक माणूस पाय मुडपून बसेल एवढं. आत गेलो तर हाताला पाच गुळगुळीत दगड लागले, ओळीनं मांडलेले, आणि त्यांच्यावर चक्क शाल! वा, शफीकभाई! पाहुण्यांची काय ही सोय! मी दगडांना जरा कडेला सरकवलं आणि शाल डोक्यावरून पांघरून बसलो.

आणि मग हळूहळू उजाडलं.

काय सांगू. समोर तळं होतं की धुकं होतं, हेच कळेना. कडब्याचा गोडसर वास, लांब कुठंतरी करडई ओली झालेली. आणि पाण्यावरून हाक आली. भरल्या गळ्याची. पलीकडून दुसरी आली. धुक्यातून एक सोनेरी ठिपका निघाला, दुसरा निघाला, आणि दोघं संथपणे जवळ आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू, मला हिचीच आठवण आली. आपण या काठाला, ती त्या काठाला.

डोळे पुसून पुन्हा दुर्बीण लावली, तर पक्ष्यांच्या मागं बांधावरून एक बाई चाललेली. हिरवं लुगडं, डोक्यावर दुरडी, एक हात सैल सोडलेला. खाली धुकं असल्यामुळं पाय दिसत नव्हते, ती नुसती तरंगत येत होती. इतकं सुंदर चालणं मी जन्मात पाहिलं नव्हतं! मी सभ्य माणूस आहे. दुर्बीण खाली घेतली. मग पक्षी राहून जातील म्हणून पुन्हा वर घेतली.

आणि तशातच मला डुलकी लागली.

स्वप्न पडलं. स्वप्नात माणसं ओरडत होती, कसली तरी आरोळी, जिचा अर्थ ओरडणाऱ्यालाही सांगता आला नसता. कुणीतरी पाणी शिंपडत लपणाभोवती फिरत होतं. हिचाही आवाज आला, "आप्पा, जरा सावकाश." बघा, मी म्हटलं, स्वप्नात सुद्धा पाठ सोडत नाही! अर्धवट डोळे उघडले तर समोर केळीच्या पानावर साऱ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली गरम भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर. सहलीच्या पत्रकात 'स्थानिक न्याहारी' लिहिलेलंच होतं. लपणात आणून देतील असं मात्र वाटलं नव्हतं. हलायचं नाही, बोलायचं नाही, हे पक्कं ध्यानात होतं. म्हणून मी शालीतून फक्त हात बाहेर काढला आणि एक उंडा उचलला.

बाहेर जी किंकाळी उठली, तिनं तळ्यावरचं एकूण एक पाखरू उडालं.

"आगं बया! पांडव जेवायलेत!"

आवाज ओळखीचा. सासूबाईंचा!

"पांडव?" दुसरा आवाज, तोही ओळखीचा. एक फेटा खाली वाकला, कपाळावर भस्माचे पट्टे, आणि मामा माझ्याकडं बघत राहिले. "पांडव चष्मा लावत्यात व्हय?"

तर मंडळी, ते लपण नव्हतं. ती येळवशीची कोप होती, पूजेसाठी रानात उभी करतात ती कडब्याची खोपी. पाच दगड म्हणजे पाच पांडव. त्यांची शाल माझ्या डोक्यावर, त्यांचा नैवेद्य माझ्या तोंडात, आणि ते रान माझ्या सख्ख्या सासऱ्याचं! एकदा जरी आलो असतो तरी बोर ओळखली असती.

मी तोंडातला उंडा कसाबसा गिळला. आता मामा काठी घेतात की गडी बोलावतात, एवढंच बघायचं होतं. पण मामांचे डोळे भरून आले हो!

"म्हनलं नव्हतं म्या?" ते सासूबाईंना म्हणाले. "जावाई येनारच! अन् कसं आले, तर येरवाळीच, दिस उगवायच्या आत, पांडवाच्या पंगतीला! उठा पावनं, उठा, अंग गारठलं आसंल." आणि स्वतःची घोंगडी काढून त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली.

मी पांडवांची शाल एका हाताने परत करत होतो, दुसऱ्या हाताने दुर्बीण शर्टात लपवत होतो. सासूबाईंच्या मागं ही उभी होती. हिरव्या लुगड्यात. दुरडी खाली ठेवलेली. तिला सगळं कळलं होतं, पण आप्पांच्या तोंडाकडं बघून ती दुरडी आवरायला लागली.

सगळं निभावलं असतं. अगदी निभावलं असतं! पण तेवढ्यात बांधावरून शफीकभाई धावत आले, मागं सगळी सहल.

"सर! या अल्ला, तुमी इथं? तुमचं लपण पलीकडच्या बोरीखाली! तिथनं काय दिसलं असतं! इथनं काय दिसलं का तरी?"

मी अजून निम्मा त्या धुक्यातच होतो. तोंडातून निघून गेलं, "दिसलं की! चक्रवाकाची जोडी दिसली. आणि बांधावरून एक बाई जाताना दिसली, शफीकभाई, काय ते चालणं! जन्मात असं..."

"कोन बाई?" ही म्हणाली.

मी हिच्याकडं बघितलं. हिरवं लुगडं बघितलं. दुरडी बघितली.

"तूच की गं!"

"आत्ता वळखलं. तवा वळखलं हुतं का?"

मी बोरीकडं बघितलं. मामांनी बोरीकडं बघितलं. सगळी सहल बोरीकडं बघायला लागली, बिचाऱ्यांना वाटलं पक्षी आहे.

"पान्यापल्याडचं बदक वळखू येतंय," ही म्हणाली, "घरचं मानूस न्हाई."

मामा क्षणभर गंभीर झाले आणि मग असे हसले, असे हसले, की फेटा सुटला. शफीकभाईंसकट सगळ्या सहलीला त्यांनी धरून जेवायला बसवलं. माझं ताट त्या वर्षी झाकून ठेवायची वेळ आली नाही. हिनं वाढताना भज्जी जरा जास्तच वाढली, तेव्हा मला कळलं की पहाट झाली.

आता मी दर येळवशीला जातो. आदल्या दिवशीच जातो, मामांच्या शेजारी उभा असतो, साऱ्या गावाला दिसतो. तरीही नैवेद्य ठेवायच्या आधी सासूबाई कोपीच्या कडब्यात काठी खुपसतात आणि मोठ्यानं विचारतात, "पावनं, आत हायसा का?"

शेजारच्या रानांतूनही आता हीच हाक ऐकू येते. तिथल्या लहान पोरांना वाटतं, ही पांडवांपासून चालत आलेली रीत आहे.