यायातचे फितूर साक्षीदार

बांडुंग शहरावर सकाळपासून धुकं असं बसलं होतं, की पलीकडचा डोंगर कुणी उचलून नेल्यागत वाटावं. यायातनं ओलं जाकीट खुर्चीवर टाकलं, बँककार्डांच्या चिपा तपासणीला लावल्या, कान मात्र शेजारच्या टेबलाकडं. तिथं इमास, नवी पोरगी, गरम बाला-बाला, म्हणजे कोबी-गाजराची भजी, वाटत होती. साहेबीण बू अतिका, म्हणजे अतिकाबाई, तिच्या पाठीवर हात ठेवून हसत होत्या. यायातच्या वाट्याला तो हात कधी आला नव्हता.

कार्डाचं कुलूप भल्यामोठ्या मूळ संख्यांवर चालतं. संख्या खरंच मूळ आहे का, हे पाहायला तिच्यापुढं साक्षीदार उभे करतात. साक्षीदार म्हणजे दुसरे आकडेच. एक जरी 'ही दोन संख्यांत फुटते' म्हणाला की संख्या बाद. सगळे गप्प राहिले, तर मूळ धरायची. यायातचे साक्षीदार ठरलेले: दोन, तीन, पाच, सात असे चपळ गडी. नव्या कार्डांत त्याची तपासणी घालायची की इमासची, हे बू अतिका आजच ठरवणार होत्या.

"कांग यायात, ही संख्या बघता जरा?" इमास आली. थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्याला 'कांग' म्हणे.

त्यानं आपले साक्षीदार लावून बघितली. "मूळ आहे की!"

"दोन संख्या गुणून मीच केलीय ती. मुद्दाम, तुमचे साक्षीदार गप्प बसावेत अशी."

"असलं मुद्दाम कोण करतंय? आपली संख्या आपण निवडतो."

"आणि बाहेरच्यानं दिली तर? तुमचे साक्षीदार गावाला ठाऊक, कांग. चोर आधीच फितवणार. मी दर खेपेला चिठ्ठी टाकून नवे उचलते."

"म्हणजे जुगार!"

"जुगारच. पण चोराला पत्ते दिसत नाहीत."

यायातच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती गेल्यावर त्यानं तिचीच तपासणी त्याच संख्येवर पुन्हापुन्हा चालवली. एखादा साक्षीदार गप्प बसे, तसा तो खुर्चीतून अर्धा उठे. 'चूक की गं बये, एकदा तरी!' तेवढ्यात पुढचा साक्षीदार बोंबले: फुटते.

शेवटी तो उठला. "बू, पोरीचीच घाला."

"आणि तुझी?"

"माझे साक्षीदार फितूर झाले."

"हे बोलताना पोटात दुखलं असेल, यायात."

"अजून दुखतंय."

बू हसल्या, आणि "इमास, ऐकलंस का?" म्हणत तिच्याच टेबलाकडं गेल्या. यायात बघत राहिला. मग पाण्याचा कॅन रिकामा दिसला, तसा नवा खांद्यावर घेऊन तो बदलायला लागला.