वासराच्या वाट्याचं

सातवीत माझी शाळा सुटली ती दोन म्हशी आणि एका गाईपायी. आईचा हात मोडला होता, धारा काढायला घरात दुसरं कुणी नव्हतं. पुढं हात जुळून आला, पण मला परत शाळेत घालायची गोष्ट कुणी काढली नाही. मीही काढली नाही. त्यामुळं खात्रीनं येतं असं माझ्याकडं एकच काम उरलं, धार काढणं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते मला येत होतं म्हणूनच झालं.

लग्न होऊन मी जतहून इकडं कर्नाटकात, जोयडा तालुक्यात आले. नवरा रस्त्याच्या कामावर मशीन चालवतो. नंदिगड्डा गावाच्या अलीकडं, रानाला लागून एका शेतकऱ्याच्या घरात आम्हाला एक खोली मिळाली, तेव्हा मला चौथा महिना होता. घरात साठीची बाई आणि तिचा नवरा, दोघंच. त्यांना मी अव्वा आणि अप्पा म्हणायला लागले. आमच्या जतकडंही आईबापाला असं म्हणणारी घरं आहेत, त्यामुळं जिभेला जड गेलं नाही.

माझा बाप माळकरी. पहिल्याच दिवशी मी अव्वांना सांगून टाकलं, "आम्ही शाकाहारी. अंडंसुद्धा न्हाई."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुझं कालवण येगळ्या मडक्यात शिजवूया."

आणि खरंच शिजवत राहिल्या. नवरा कामावर गेला की मी एकटी, म्हणून जेवायला मला आपल्याच चुलीपाशी बसवायच्या. कधी विचारलं नाही, कधी कुरकुर नाही. अप्पा तेवढी चेष्टा करायचे. कोंबडी ओरडली की म्हणायचे, "माळकरीण, कान झाक गो, अंडं घातलंन!" मी हसायचे आणि आतून ओशाळायचे. कोण कुठली मी, आणि माझ्यासाठी वेगळं मडकं.

चहा मात्र कोरा, गुळाचा. गोठ्यात चार गाई, आणि घरात दुधाचा थेंब नाही. एकदा विचारलं, "अव्वा, दूध कुठं जातं?"

"वासरू पितं की," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या.

मला वाटलं, चेष्टा असेल. मग वाटलं, अव्वांची बोटं दुखतात आणि अप्पांना धार येत नसेल. इथं गाय पाळायची ती शेणाला आणि बैलाला, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

सहावा महिना लागला तेव्हा आरोग्य केंद्राच्या सिस्टर तपासून गेल्या. रक्त कमी आहे म्हणाल्या. "दूध घे, अंडी खा. एक तरी कर." त्यानंतर चारच दिवसांनी घाटात झाडं पडली आणि बस बंद झाली. नवऱ्यानं माझ्यासाठी बसमधून मागवायला सुरू केलेली दुधाची पिशवी बंद. नवरा रामनगरच्या बाजूला अडकला. फोनला रेंज नाही. खोलीला एक खिडकी, खिडकीबाहेर पाऊस, पावसापलीकडं रान. अंगणात पाय ठेवला की जळू चिकटायची. मी दिवसभर पोटावर हात ठेवून बसायचे. बाळ हललं की बरं वाटायचं, आणि थांबलं की घाम फुटायचा. माहेरी जावं तर वाट नाही, इथं राहावं तर खायला जे आहे ते मला चालत नाही. अव्वा रोज एकदा म्हणायच्या, "बाय, एक अंडं उकडू काय? कुणाला सांगत न्हाई." मी नको म्हणायचे. त्या अंडं परत टोपलीत ठेवायच्या. ते मला फार लागायचं.

एका सकाळी दोघं लावणीला गेल्यावर तांबडी गाय व्याली. मी गोठ्यात गेले तर वासरू भिजलेलं, पाय मुडपून पडलेलं, आणि तांबडी त्याला चाटतेय. आमच्याकडं गाय व्याली की पहिला चीक काढून खरवस करतात, शेजारीपाजारी वाटतात. ज्यांचे उपकार असतात त्यांच्या घरी आधी. मला एकदम सुचलं. दोन महिने हे माझ्यासाठी राबतायत, आज मी यांना काहीतरी देईन. आणि माझ्याही पोटात काही जाईल, हेही मनात होतं. ते नव्हतं असं कशाला म्हणू?

गाय गरीब. हात लावला तशी उभी राहिली. रीतीप्रमाणं दोन सड वासराला ठेवले आणि दोन पिळले. आमच्या गाईचा तेवढ्यात तांब्या भरतो. हिचा अर्धासुद्धा भरला नाही. लहानखुरी रानातली गाय. तरी मला काही कळलं नाही. गूळ घातला, माहेरची वेलची घातली, वाफेवर लावला. खरवस छान जमला, सुरीनं वड्या पडतील असा.

दुपार कलल्यावर दोघं चिखलानं भरून आली. मी तिघांच्या ताटल्या पुढं ठेवल्या.

"ह्ये काय?" अप्पांनी विचारलं.

"खरवस. तांबडी व्याली."

अव्वा बसलेल्या तशाच उठल्या. गोठ्यातून परत आल्या तेव्हा वासरू त्यांच्या हातांवर होतं, मान खाली लोंबत होती. चुलीजवळ गोणपाट टाकून त्यांनी ते ठेवलं.

"आधी पाजलंस काय?"

"दोन सड ठेवले होते, अव्वा."

"उभं तरी ऱ्हायलं होतं काय त्ये?"

अप्पा वासराचे पाय चोळत होते. त्यांनी चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

"अंडं कोंबडी घालती आणि सोडून जाती, बाय," अव्वा म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ह्ये तर तू तोंडातलं काढलंस. आणि दोन म्हैनं आमच्या मडक्याकडं नाक मुरडलंस."

"मी नाक नाही मुरडलं."

"बरं, न्हाई मुरडलंस."

मला वाटलं, आता जा म्हणतील. कुठं जाणार होते? त्या एवढंच म्हणाल्या, "काढलंस ते वाया घालू नको. आमी खात न्हाई. तू खा. पोटात लेकरू हाय."

आणि मी खाल्लं. वासरासमोर बसून, तिन्ही ताटल्या. त्या दोघांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गोड होतं, मऊ होतं, माहेरसारखं लागत होतं. उठता येईना, थुंकता येईना.

मग अव्वांनी वासराला गोठ्यात नेलं, पोटाखाली हात घालून उभं धरलं, ठेवलेले सड एकेक त्याच्या तोंडात दिले. मी गाईचं शिंग धरून उभी राहिले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पुष्कळ वेळानं ते चोखायला लागलं. सकाळी आपल्या पायांवर होतं.

त्या सकाळी मीच म्हटलं, "अव्वा, अंडं उकडता?"

अप्पांनी लगेच, "बाटली गो माळकरीण!" अव्वांनी त्यांच्या पाठीत लाकडी पळी हाणली. अंडं मी अर्धं खाल्लं. दुसऱ्या दिवशी सगळं खाल्लं.

बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा आईनं दुधाचे पेले पाजले, ते निमूट प्यायले. तिथं काय खात होतीस, असं विचारल्यावर पेज आणि भाजी म्हटलं. आता मुलगी दीड वर्षाची आहे आणि आम्ही परत इथंच राहतो. वेगळं मडकं गेलं. चहा मी कोराच पिते.

पुढच्या आठवड्यात बाप नातीला बघायला येतोय. काल अव्वांनी विचारलं, "तुझा बाप दूध मागंल. काय देऊ?"

"कोरा चहा द्या. बाकीचं मी सांगते."

तेव्हापासून मनात सांगून बघतेय. अंड्याचं ऐकून तो रडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग कधीतरी माफ करेल. खरवसाचं सांगितलं तर म्हणेल, मग त्यात चुकलं काय? तिथं पोचले की मी परत पहिल्यापासून सांगायला लागते.